पाळीची काठी

धावजीले कुशीवर वळवाचं काम पाहाले सोपं वाटते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आन आपल्याकडं ओढाचं. पण कमरेपासून खाली मेलेल्या माणसाचं वजन दुप्पट होते. लीलाबाईचा उजवा खांदा पावसाळ्यापासून वर उठत नव्हता. मग ती खाटेच्या कडेवर गुडघा टेके, डाव्या हातानं ओढे, आन धावजी खाटेची दोरी धरून वरचं अंग स्वतःच फिरवे.

"सागाचा ओंडका समजून ढकल, बाई," तो म्हणे.

"सागाले भाव तरी येते. तुमाले कोन घेईन?"

"फुकटात दे कोनाले."

"फुकटात बी कोनी नेऊन नाई राह्यलं. इचारून पायलं म्या."

दोघंही हासत. मग ती त्याची पाठ पुसे, कडुलिंबाच्या पाण्यानं, आन लघवीची पिशवी खाली करून आणे.

धावजी तिचा कोणी नव्हता. मुकुटबनपासून आत, जंगलाच्या कडेले सावरडोह हे गाव. त्यात या दोघायच्या घराची भिंत एक, एवढंच नातं. तो बंजारा. बायको कधीचीच गेली, लेकरू झालं नाई, तांड्यावरचे भाऊबंद तेलंगणात कामाले गेले ते तिकडचेच झाले. लीलाबाई कुणब्याची. नवरा वारला, पोरगा पियुष लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाले, बायको घेऊन तिथंच राहे. धावजीले दवाखान्यातून आणून खाटेवर टाकलं त्या दिवशी तिनं भिंतीपलीकडून कण्हणं आयकलं आन पाण्याचा गडवा घेऊन गेली. तेव्हापासून जाऊनच राह्यली. कर असं तिले कोणी म्हणलं नाई. नको असंही कोणी म्हणलं नाई.

तो असा कसा झाला, हे गावात सगळ्यायले माहीत, पण बोलत कोणी नाई.

सावरडोहात पहिले पाळीची काठी चाले. तिवसाच्या लाकडाची काठी, छातीएवढी उंच. सकाळी ज्याच्या दाराले ती टेकलेली दिसे, त्या दिवसाची पाळी त्या घराची. घरातल्या एकानं काठी घेऊन जंगलात फेरी माराची, कोणी कुऱ्हाड घेऊन घुसला तर हटकाचं. आन गावात जो कोणी एकटा खाटेवर पडला असन, त्याले त्याच घरून भाकर न्याची, त्याचं अंग पुसाचं. जंगल आन खाटेवरचं माणूस, दोन्ही एकाच काठीत. दिवस बुडता बुडता काठी पुढच्या दाराले टेकून द्याची. हाक माराची नाई, सांगाचं नाई. एखाद्याच्या दाराशी ती तशीच उभी राह्यली तर पाण्याले जाणाऱ्या बाया नुसत्या तिच्याकडं पाहत. दंड तेवढाच. अन तो पुरे होए.

मग एका वर्षी काठी विठ्ठलरावाच्या दाराशी आली आन तिथंच उभी राह्यली. विठ्ठलराव तेव्हा सरपंच. कापूस वेचाचे दिवस, मजूर भेटत नव्हते, घरात कोणाले फुरसत नव्हती. बाया पाहून पाहून थकल्या. शेवटी धावजीनंच काठी उचलली. म्हणे, मोठ्या माणसाची कायले बेइज्जती कराव. पुढच्या दाराले नेली तर त्या घरचे म्हणाले, सरपंच करत नाई तं आमीच काहून? त्याच्या पुढच्यायनंही तेच म्हणलं. मग ती धावजीच्याच दाराशी राह्यली. तो रोज एकटाच जंगलात जाए. असाच एक दिवस सागवान तोडणाऱ्यायच्या मागं धावता धावता नाल्याच्या दरडीवरून खाली गेला. तोडणारे काही बाहेरगावचे नव्हते.

तर अशा गावात दिवाळीनंतर अर्पिता मॅडम आली.

नागपूरच्या एका संस्थेची. लीलाबाईच्या बहिणीचा पोरगा रजत गावातच राहे, बीए करून बसून होता, त्याले संस्थेनं 'गाव संशोधक' म्हणून घेतलं. गळ्यात ओळखपत्र आलं, चालीत फरक पडला. गाव माणसाची आन निसर्गाची काळजी कशी घेते, असा काहीतरी अभ्यास होता.

"म्हंजे काय पायनार तुमी?" लीलाबाईनं त्याले इचारलं.

"म्हंजे मावशी, कोनाचं कोन करते. जंगलाचं कोन करते, म्हाताऱ्यायचं कोन करते. हे आपनच शोधाचं, आपल्याच गावानं. बाहेरच्यानं येऊन सांगाचं नाई. पद्धतच तशी हाय."

पहिल्याच दिवशी रजत मॅडमले धावजीच्या घरी घेऊन आला. पोरगी तिशीची असन. नाकाले पदर लावला नाई, सरळ खाटेजवळ खाली बसली. धावजीच्या पायावरून हात फिरवला. लीलाबाईले ती आवडली.

"मावशी, आमचा अभ्यास झाला की संस्था दोन गावांमध्ये एकेक सिस्टर ठेवणार आहे," ती म्हणाली. "रोज घरी येईल, ड्रेसिंग करेल, लघवीची नळी बदलेल. जिथं बघायला कोणी नाही अशा गावांमध्ये."

लीलाबाईच्या हातात पाण्याचा गिलास होता, तो तिनं खाली ठेवला. नळी बदलाले दर वेळी गाडी पाहा, चार माणसं पाहा, त्यायच्या हातापाया पडा. खांदा असा. उद्या हाच खांदा पुरा बसला तर धावजीले पाणी कोण पाजन, हा इचार तिले रोज सकाळी उठल्याउठल्या येए.

"मॅडम, यायचं..." ती बोलाले गेली.

"आत्ता नको, मावशी. उद्या सभेत बोला, सगळ्यांसमोर. गावानं मिळून सांगितलेलंच आम्ही धरतो."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सभा भरली. मॅडमनं मोबाईल मधात ठेवला, रेकॉर्ड करू का म्हणून इचारलं, सगळ्यायनं हो म्हणलं. मग तिनं इचारलं, तुमच्या गावात आजारी माणसाकडं आणि जंगलाकडं कोण बघतं?

 विठ्ठलरावानं घसा साफ केला. आता सरपंच नसला तरी पहिला शब्द त्याचाच.

"मॅडम, आमच्या गावात पाळीची काठी हाय," तो म्हणाला.

अन त्यानं सांगतलं. काठी कशी दाराले टेकते, कोणी कोणाले सांगत नाई, जंगल कसं राखते, पडलेल्या माणसाले कसं जेवू घालते. इतकं झ्याक सांगतलं का लीलाबाईलेही ते दिवस डोळ्यासमोर दिसले. फक्त 'होती'च्या जागी तो 'हाय' म्हणत गेला. असं मुद्दाम ठरवून आला असन असंही नाई. पाहुणी समोर बसलेली, मोबाईल सुरू, आन गावाजवळ दाखवाले दुसरं काही नाई. तोंडातून 'हाय' निघालं, आन एकदा निघाल्यावर ते मागं कसं घ्याव?

मॅडमचे डोळे भरून आले. "म्हणजे अजून सुरू आहे हे?"

सारे एकमेकायकडं पाहाले लागले. मग एक मान हालली, दुसरी हालली, आन पुरी सभा माना हालवाले लागली. लीलाबाई रजतकडं पाहात होती, तोच आता खरं सांगन म्हणून.

"मला बघायचंय," मॅडम म्हणाली. "मी संक्रांतीपर्यंत इथंच आहे."

घरी आल्यावर लीलाबाईनं रजतले धरलं. "तू काहून नाई बोलला बे?"

"मावशी, पुरा गाव हो म्हनून राह्यलता. म्या एकट्यानं नाई म्हनाव? ते बी तुह्या भाच्यानं? नोकरी पायली का माही?"

"अन ती सिस्टर?"

रजत ओळखपत्राच्या दोरीशी खेळत राह्यला. 

त्याच संध्याकाळी विठ्ठलराव काठी न्याले आला. खाटेखाली पडलेली होती, धावजी तिनं मांजर हाकले. विठ्ठलराव उंबऱ्यावरच उभा राह्यला. इतक्या वर्षात तो या घरात आला नव्हता, अन आता आल्यावर कुठं पाहाव हे त्याले समजेना. छपराकडं पाहात राह्यला.

"काठी पाह्यजे होती जराशी," तो म्हणाला.

"घेऊन जा ना भाऊ," धावजी म्हणाला. "तुमच्याच दारची हाय. म्या मधातल्या मधात सांभाळली."

विठ्ठलरावानं काठी उचलली. तेल लावून पुसली, आन स्वतःच्याच दाराले टेकवली. पहिली पाळी त्याची.

अन काठी चालाले लागली.

बाया कुरकुरल्या. ऐन वेचणीचे दिवस. "एक तं मजूर नाई, वरून हे सोंग," असं म्हणत म्हणतच कोणी भाजी-भाकर आणली, कोणी अंडं आणलं. विठ्ठलरावाची सून अपेक्षा शिरा घेऊन आली आन नाक दाबून का होईना पिशवी खाली करून गेली. एकानं धावजीची दाढी केली. मॅडम मागं मागं, फोटो घेत. सकाळी काठीवाला जंगलात फेरी मारे, त्याच्या मागं मॅडम, तिच्या मागं रजत. विठ्ठलरावाच्या पुतण्याचं ट्रॅक्टर घरासमोर उभं राह्यलं. सागालेही सुट्टी भेटली.

लीलाबाईले कधी नाई तो आराम भेटला. खांद्याले शेक घेतला, दोन वेळा आपल्या वावरात वेचाले गेली. पण मनातून सिस्टर जात नव्हती. धावजी मात्र वेगळाच झाला. सकाळी डोळे उघडले का इचारे, "आज कोनाची पाळी वो?" येणाऱ्या पोट्ट्यायले जंगलातल्या वाटा सांगे, बिब्याचं झाड कुठं, अस्वलाची घळ कुठं. अंगावर मांस दिसाले लागलं.

"सोंग हाय हे, भाऊ," लीलाबाईनं एक दिवस त्याले म्हणलं. "मॅडम गेली का सारं बंद."

"सोंग हाय, पन शिरा खरा हाय."

"म्या सांगून देते मॅडमले. सिस्टर तं भेटन."

धावजीनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "नको सांगू, बाई."

"काहून?"

"काल विठ्ठलरावाचा नातू आलता. काठी घेऊन. त्याले कोनी सांगतलं नाई का हे सोंग हाय. त्याले खरंच वाटते. मानसाले सवय लागते, बाई. दुसऱ्याच्या दाराकडं पाय उचलाची बी लागते. म्या त्या काठीसाठी पडलो. ती चालताना एकडाव पायली, आता तू मोडू नको."

"अन माह्या खांद्याचं?"

त्यानं तिचा हात धरला. एवढ्या वर्षात त्यानं कधी तिचा हात धरला नव्हता. वळवताना दोरी धरे, पण हात नाई.

संक्रांतीच्या आधी शेवटची सभा झाली. धावजीले खाटेसकट उचलून समाजमंदिरात आणलं, चार जणं पुढं झाले, कोणाले बोलवा लागलं नाई. तो नव्या सदऱ्यात, भांग पाडून बसला होता, पाठीमागं उशी लावून. मॅडमनं अभ्यास वाचून दाखवला. मग मोबाईल सुरू केला आन लीलाबाईकडं वळली.

"मावशी, तुम्ही शेजारी आहात. तुम्ही सगळ्यात जवळून पाहिलंय. हे सगळं गाव करतं ना?"

लीलाबाईनं पदर डोक्यावर घेतला. विठ्ठलराव तिच्याकडं पाहात होता, अपेक्षा पाहात होती, रजत खाली पाहात होता. त्यायची तिले पर्वा नव्हती. ती त्या कोणायसाठी खोटं बोलली नसती. पण खाटेवरून धावजी पाहात होता.

"हो," ती म्हणाली. "सारा गाव करते."

मॅडम गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर जंगलात गेलं. काठी आणखी दोन-तीन दारं पुढं गेली, मग एका दाराशी थांबली, आन एक दिवस अपेक्षानं ती धावजीच्या घरात आणून खाटेखाली सरकवली. विठ्ठलरावाचा नातू एकदा काठी मागाले आला होता, त्याले त्याच्या बापानं कान धरून शाळेत नेलं.

लीलाबाई पहिल्यासारखी जाऊ लागली. धावजी इचारेना आज कोनाची पाळी म्हणून.

सिस्टर टेंभरदरा नावाच्या दुसऱ्या गावाले भेटली. बातमी रजतनंच आणली. "तिथं कोनी कोनाचं करत नाई असं निंघालं," तो म्हणाला. "आपला गाव आदर्श निंघाला, मावशी."

आदर्श निघाला म्हणून मग पाहाले लोकं येऊ लागले. महिन्यातून एक गाडी. कधी कॉलेजची पोरं, कधी दुसऱ्या संस्थेचे लोकं. रजतले आदल्या दिवशी फोन येए, विठ्ठलराव दारोदार निरोप देए, काठी खाटेखालून निघे, तेल लागे. त्या दिवशी शिरा, त्या दिवशी दाढी. धावजी आदल्या दिवसापासून डोळे लावून बसे. गाडी गेली का काठी परत खाटेखाली.

अन बाकीच्या दिवसात लीलाबाईचा खांदा पुरा बसला. डाव्या हातानं ती जेवढं वळवू शके तेवढं वळवे. माकडहाडाजवळ कातडी लाल झाली, मग काळी झाली, मग फुटली. उन्हाळा लागला होता. घरात शिरताच वास येए. ती उदबत्ती लावे. धावजी म्हणे, "कायचा देव बसवला वो?" पण हासत नसे.

चैत्रात अर्पिता मॅडम स्वतः आली, पाच-सहा पाहुणे घेऊन. अपेक्षा शिऱ्याची वाटी घेऊन खाटेजवळ उभी, विठ्ठलराव काठी हातात धरून सांगून राह्यला, मोबाईल वर धरलेले. मॅडमनं नाक हालवलं, इकडंतिकडं पाह्यलं.

लीलाबाई कोपऱ्यातून उठली. कोणाले काही इचारलं नाई. धावजीच्या कमरेखालची चादर काढली आन डाव्या हातानं त्याले ओढून कुशीवर केलं.

"हे पाहा," ती म्हणाली. "पाळी कोनाचीच नाई. कधीचीच नाई. तुमी होत्या तेवढेच दिवस होती. सारं मीच करून राह्यली, आन मले आता होत नाई. मले सिस्टर पाह्यजे."

एका पाहुण्यानं तोंडावर रुमाल धरला आन बाहेर गेला. अपेक्षानं वाटी खाली ठेवली आन तीही गेली. विठ्ठलरावाच्या हातातली काठी तशीच राह्यली, ती कुठं ठेवाव हे त्याले सुचत नव्हतं.

मॅडम खाली बसली. जखमेकडं पाहात राह्यली, मग लीलाबाईकडं. तिच्या डोळ्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मी तुम्हालाच विचारलं होतं ना?"

लीलाबाईजवळ त्याचं उत्तर होतं, पण ते खाटेवर होतं, भिंतीकडं तोंड करून. तिनं पदर सावरला.

"हो," ती म्हणाली. "मलेच इचारलं होतं."

मॅडम वाईट नव्हती. त्याच गाडीत धावजीले वणीच्या दवाखान्यात नेलं, जखम साफ करून घेतली, दिवस बुडायच्या आत आणून सोडलं. सिस्टरचं मात्र तिच्या हातात नव्हतं. नेमणूक झाली होती, सभेच्या रेकॉर्डवरून झाली होती, ती बदलाची तर पुन्हा अभ्यास करा लागन. पाहते म्हणाली. पुढच्या आठवड्यात हवेची गादी आली. गादीचा पंप लाईटवर चाले, आन लाईट दिवसाआड जाए. तेव्हा गादी चपटी होए आन धावजी खाटेच्या दोऱ्यायवर येए.

गावात लीलाबाईशी बोलणं बंद झालं. विहिरीवर ती गेली का बाया आपापलं भांडं उचलून घेत. रजतचं काम संपलं, ओळखपत्र गेलं. तो तिच्या दारावरून जाताना मोबाईल कानाले लावे.

वैशाखात एका सकाळी धावजीनं लीलाबाईले इचारलं, "आज गाडी याची होती ना?"

"नाई येनार आता, भाऊ."

"या महिन्यात नाई?"

"कधीच नाई."

तिनं भाकर चुरून, वरून वरण ओतून थाळी त्याच्या छातीजवळ ठेवली. त्यानं तिच्याकडं पाह्यलं नाई.

"बोललीस काहून?" तो म्हणाला.

"तुमची जखम सडून राह्यलती. मेले असते तुमी."

"महिन्यातून एक दिवस येत होते," धावजी म्हणाला. "सोंग घेऊन येत होते, पन येत होते. तो एक दिवस बी तू नेला."

लीलाबाई खाटेजवळ उभी राह्यली. म्या तुमच्यासाठी खोटं बोलली आन तुमच्यासाठीच खरं बोलली, असं तिले म्हणावं वाटलं. पण त्यानं काय होणार होतं? वरण थंड होत होतं. तिनं थाळी झाकून ठेवली आन वावरात गेली.

त्या सकाळी धावजीनं तिच्या हातचं काही खाल्लं नाई. दुपारीही नाई. दिवस बुडताना खाल्लं, कारण दुसरं कोणी आलं नाई.